शुभारंभी बापूसाहेब

वजन उतरवायला निघालेल्या माणसाचा उत्साह टिकत नाही, अशी सार्वत्रिक तक्रार आहे. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बापूसाहेबांबद्दल मात्र ती कुणालाच करता येणार नाही. त्यांचा उत्साह वीस वर्षं टिकून आहे. वजनही.

व्यायाम तसा त्यांच्या घराण्यातच आहे. आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या नजरेखाली जोर काढत. वडिलांनी मुजुमदारांच्या ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहाच्या दहा खंड घरात आणून ठेवले. व्यायामावर दहा खंडांचा कोश काढावा आणि तो मराठीत, बडोद्यातून काढावा, या गोष्टीचा बापूसाहेबांना फार अभिमान. दुपारी जेवण झालं की ते पलंगावर आडवे होतात, एक खंड पोटावर टेकवतात आणि वाचता वाचता त्यांचा डोळा लागतो. श्वासागणिक खंड वर-खाली होत असतो. वजन उचलण्याचा तेवढाच काय तो नियमित सराव. कुठल्या दंडानं कुठला स्नायू फुगतो, हे ते खंडाच्या आकड्यासह सांगतील. एखादा करून दाखवा म्हटलं, तर म्हणतात, “आत्ताच जेवलोय रे.”

त्यांच्याकडे मुहूर्तांना तोटा नाही. पाडवा, दसरा, एक जानेवारी, वाढदिवस, आणि यांतलं काही हाताशी नसेल तर सोमवार. प्रत्येक शुभारंभाला एक खरेदी ठरलेली. बूट झाले, पाण्याची बाटली झाली, पावलं मोजणारं घड्याळ झालं. वजनकाटाही असाच आला. त्यावर चढण्याचा विधी बघण्यासारखा असतो. आधी घड्याळ उतरतं, मग खिशातल्या किल्ल्या, मग आंगठी, शेवटी चष्मा. चष्मा काढल्यावर आकडा दिसत नाही, म्हणून मग काकूंना हाक.

“चौऱ्याण्णव,” काकू.

“चष्म्याशिवाय?”

“अहो, चष्मा माझ्या हातात आहे.”

पहिल्या दिवशी पहाटे ते कमाटीबागेत हजर. अर्धी फेरी झाली की म्युझियमपाशी थांबायचं आणि सोबत असेल त्याला गामा पैलवानाचा दगड दाखवायचा. 1902 साली गामानं हा 1200 किलोचा दगड उचलला, असं सांगतात. बापूसाहेब त्या दगडाकडे बरोबरीच्या नात्यानं बघतात. “त्यानं उचलला एकदा. मी रोज चौऱ्याण्णव किलो तीन जिने चढवतो. आमची पाटी कोण लावणार?”

पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो. त्यामागचं शास्त्रही बापूसाहेबांना पाठ आहे. शरीरात साठवलेली साखर आधी खर्च होते, तिच्या ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते निघून जातं. चरबी त्यानंतर, सावकाश. म्हणजे हा आनंद पाण्याचा आहे, हे त्यांना ठाऊक असतं. तरी तो साजरा करावाच लागतो, नाहीतर माणूस खचतो. साजरा होतो तो सेव-उसळीवर. “उसळ म्हणजे प्रोटीन,” ते समजावतात, “पण वर सेव आहे. प्रोटीनपर्यंत पोचायचं तर सेवेतूनच जावं लागतं.” तर्री संपते तेव्हा पाव उरलेला असतो, पाव वाया जाऊ नये म्हणून आणखी तर्री. अन्नाचा अपमान त्यांच्या हातून होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही. इथे सामान्य माणसाचा उत्साह शिळा होतो. बापूसाहेब तशी वेळच येऊ देत नाहीत. ते मोहीम तिथेच थांबवतात आणि पुढच्या मुहूर्ताला ताज्या उत्साहानं पहिल्यापासून सुरू करतात. नवरात्रात तर नऊ रात्री गरब्याच्या कडेला उभे राहून इतरांना धीर देतात, आणि मध्यरात्रीनंतर दमलेल्या मंडळींबरोबर नाश्त्याला बसतात. एकट्यानं खायला लावणं बरं दिसत नाही.

पण त्यांचं बोलणं वाया जातं असं म्हणू नये. खालच्या मजल्यावरचा बँकेतला एक मुलगा कमाटीबागेत त्यांचं ऐकत बसायचा. रोज चालावं, रात्री एक भाकरी कमी करावी, वजन आठवड्यातून एकदाच बघावं, असं सगळं त्यानं लिहून घेतलं. आठ महिन्यांनी तो पेढे घेऊन आला. अकरा किलो उतरले होते. पाया पडून म्हणाला, “काका, तुमच्यामुळे.”

बापूसाहेबांनी पेढा घेतला. पहिल्याला नाही म्हणता येत नव्हतं. दुसरा तपासून बघायचा होता. मग विचारलं, “एवढे दिवस उत्साह टिकवलास कसा?”

“टिकला नाही, काका. दुसऱ्याच आठवड्यात गेला. मी आपला चालत राहिलो.”

बापूसाहेबांचा तिसरा पेढा हातातच राहिला. मुलगा गेल्यावर ते बराच वेळ अस्वस्थ होते. शेवटी काकूंना म्हणाले, “पोरगा गुणी आहे गं, पण मनात उत्साह नसताना नुसतं चालत सुटला. याला काही पाया नाही. सोमवारपासून त्याला नीट सुरुवात करायला लावतो.”