नवव्या महिन्याची सुई

आमच्या सोसायटीतले एक चिरंजीव एका सत्रासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठात निघालेत. त्यांना परवा तिथून ईमेल आला : आपल्याला क्षयाची लस आपल्या जन्माच्या सुमारे महिनाभर आधी टोचल्याचे दिसते, तरी खुलासा करावा.

खुलासा सोपा होता. चिरंजीव ८ नोव्हेंबर २००५ चे. बीसीजी तिसऱ्या दिवशी, म्हणजे १०/११/२००५. आईने लसीकरणाच्या कार्डावर होतं तसं विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये भरून टाकलं. तिकडे महिना आधी आणि तारीख नंतर, त्यामुळे ते झालं ११ ऑक्टोबर. पुढचा ट्रिपल २० डिसेंबरचा. तो तर फॉर्म घेईचना, कारण वर्षाला विसावा महिना नसतो. वडिलांचं म्हणणं पडलं की बाळंतपण पंधरवड्याने पुढे गेलं असतं तर ही शोभा टळली असती. यावर आईने जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

बाकीचे कागद या घराने हसत पचवले होते. व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ हा कागद आला, जे-१ व्हिसाची मुलाखत झाली. विम्याच्या अटी वाचून झाल्या : आजारपणाला किमान एक लाख डॉलर, आजारी माणूस मायदेशी हलवायला ५० हजार आणि पार्थिव पाठवायला २५ हजार. आजोबांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले आणि निकाल दिला, की जिवंताचं भाडं दुप्पट आहे ते बरोबरच आहे, त्याला वाटेत जेवण लागतं. कुकर न्यायचा की नाही यावर रीतसर भांडण झालं. होस्टेलच्या खोलीत शेगडी चालत नाही असं निघालं, कुकर बाहेर आला आणि त्या जागी भाजणी गेली.

लसीकरणाच्या फॉर्मपाशी मात्र सगळं अडलं.

मुळात कार्ड सापडलं हेच नवल. ते देव्हाऱ्याखालच्या खणात, मुंजीच्या आहेराच्या यादीला चिकटलेलं निघालं. वर गुटगुटीत बाळ, आत डॉक्टरांचं अक्षर. टोचणारे डॉक्टर कधीचे निवृत्त झाले, दवाखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. फॉर्मला मात्र प्रत्येक सुईपुढे तारीख हवी आणि खाली सही-शिक्का हवा. वीस वर्षांपूर्वीच्या सुईवर आज सही करणार कोण? सध्याचे फॅमिली डॉक्टर भला माणूस. त्यांनी न वाचता सही केली आणि शिक्का मारला. शिक्का उलटा बसला म्हणून शेजारी आणखी एक मारला.

आता गोवर. फॉर्म म्हणतो, एमएमआरचे, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचे, दोन डोस दाखवा. आईने अभिमानाने दाखवले : नवव्या महिन्यात गोवराची लस, पंधराव्या महिन्यात एमएमआर. तिकडून उत्तर आलं, पहिला डोस अमान्य. का? तर पहिल्या वाढदिवसाच्या आधी टोचलेला आहे. यामागे शास्त्र आहे हे मान्य. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात काही महिने टिकते आणि ती लशीच्या आड येते, म्हणून अमेरिका बारा महिने थांबते. आपल्याकडे गोवर तेवढा थांबत नाही, म्हणून आपण नवव्या महिन्यातच टोचतो. दोन्ही देश आपापल्या जागी बरोबर आहेत आणि त्या दोघांच्या मधोमध चिरंजीवांची मांडी आहे. ‘म्हणजे ती सुई टोचलीच नाही?’ असं आईने विचारलं. टोचली, पण मोजायची नाही. ‘मी स्वतः धरलं होतं त्याला. किंचाळून दवाखाना डोक्यावर घेतला होता. नंतर तापला होता. तो तापसुद्धा मोजायचा नाही?’ तापासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मग चुलत्यांनी, ते औषधांच्या व्यवसायात असल्याने त्यांना सगळं माहीत असतं, सुचवलं की रक्ताची तपासणी करून प्रतिकारशक्ती आहे हे दाखवता येतं. रक्त काढलं. अहवाल आला, गोवराची शक्ती भरपूर, गालगुंडांची काठावर. घरात सुतक पडल्यासारखी शांतता. पोराने बोर्डात गणितात पैकीच्या पैकी मिळवले आणि गालगुंडांत काठावर! शेवटी काय, आणखी एक सुई. वीस वर्षांचा, दाढी राखलेला मुलगा बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात, भिंतीवरच्या हत्ती-सशांखाली, मांडीवर बाळं घेतलेल्या आयांच्या रांगेत बसला. नंबर आला तेव्हा कंपाउंडरने सवयीने विचारलं, ‘बाळाचं वजन?’

यानंतर क्षय. तुमचा जन्म पुढीलपैकी एखाद्या देशात झाला आहे काय, अशी एक यादी असते, आणि तीत आपण असतोच. मग चाचणी. हातावर टोचून फोड येतो का ते बघायची एक चाचणी आहे. गंमत अशी की जन्मतः बीसीजी घेतलेल्या माणसाला क्षय नसतानाही तो फोड येऊ शकतो. म्हणजे लस घेतल्याचा पुरावा अंगावर उठतो आणि तोच रोगाचा संशय ठरतो. मग छातीचा एक्स-रे. शहाणी महाविद्यालयं त्याऐवजी रक्ताची चाचणी मागतात, कारण तिला बीसीजी फसवत नाही. चिरंजीवांचं विद्यापीठ शहाणं निघालं, एवढंच त्यांचं नशीब. तोवर रक्त एवढं गेलं होतं की आजीने बीट आणि खजूर सुरू केले होते.

इथपर्यंत मी हसत होतो. मग त्याच फॉर्मच्या तळाशी चिरंजीवांनी एक बारीक ओळ दाखवली आणि माझं हसू गेलं. राज्याच्या कायद्यानुसार धार्मिक श्रद्धेच्या कारणास्तव सूट मिळू शकेल. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशी सोय आहे, काहींत तर नुसतं वैयक्तिक मत पुरतं. म्हणजे ज्या आईने नऊ महिन्यांच्या पोराला कडेवर घेऊन दवाखाना गाठला, तिने तारीख, सही, शिक्का आणि रक्त असे चार पुरावे द्यायचे. आणि त्याच वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाच्या आईने कागदावर लिहून द्यायचं की आमचा सुईवर विश्वास नाही. झालं! तिच्या श्रद्धेला सहसा डॉक्टरचा शिक्का लागत नाही. आमच्या सुईला लागतो. २००० साली अमेरिकेने गोवर आपल्याकडून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं. २०२५ मध्ये तिथे गोवराचे दोन हजारांहून अधिक रुग्ण निघाले, १९९२ नंतर एवढे कधीच निघाले नव्हते, आणि त्यातले बहुतेक लस न घेतलेले होते. त्या वर्षी पश्चिम टेक्सासमध्ये आलेली मोठी साथ चिरंजीवांच्या मांडीतून पसरलेली नाही. आपल्याकडे गोवर संपलाय असा माझा दावा नाही, आपल्याकडे तो त्याहून जास्त आहे. पाहुण्याचं कार्ड तपासा, जरूर तपासा. पण घरच्यांचंही तपासा ना! दारात पाहुण्याचे पाय धुवायला लावायचे आणि घरातल्यांनी चिखलाने भरलेले जोडे घालून दिवाणखान्यात फिरायचं, ही कुठली स्वच्छता?

आणि राग निघालाच आहे तर आपल्याही वाट्याचा काढतो. हेच चिरंजीव तीन वर्षं इथल्या महाविद्यालयात होते. प्रवेशाला काय काय लागलं? शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत, मायग्रेशन, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, वर्तन चांगलं ठेवीन असं हमीपत्र, रॅगिंग करणार नाही असं त्याचं आणि त्याच्या बापाचं वेगवेगळं हमीपत्र. प्रत्येकाच्या तीन प्रती, साक्षांकित. होस्टेलच्या एका खोलीत चार पोरं आणि एक पंखा. आणि या सगळ्या गठ्ठ्यात, बाळा, तुला गोवराची लस दिली होती का रे, एवढं विचारणारी एक ओळ नाही. मेसच्या ताटाला हात लावण्याआधी टायफॉइडबद्दल कोणी विचारत नाही. वर्गात कावीळ पसरली की सूचना फलकावर ‘पाणी उकळून प्यावे’ असं लागतं. उकळायचं कुठे, शेगडीला तर इथेही बंदी. आमच्या पोरांच्या अंगात काय आहे याची चौकशी पहिल्यांदा सातासमुद्रापलीकडचा कारकून करतो, तोही तिकडच्या पोरांच्या काळजीने. इथे बापाचं उत्पन्न तपासायला खिडकीवर माणूस बसलेला असतो.

चिरंजीव ऑगस्टमध्ये जातील आणि डिसेंबरात परत येतील. फॉर्म अखेर मंजूर झाला. नवव्या महिन्याच्या सुईपुढे मात्र अजून ‘अमान्य’ असंच लिहिलेलं आहे, आणि आईचा त्या विद्यापीठावरचा राग कायम आहे.

ज्यांच्या घरी अशी निघायची तयारी चालू असेल त्यांनी बॅगा नंतर भराव्यात, आधी कार्ड शोधावं. एमएमआरच्या दोन डोसांमध्ये किमान २८ दिवसांचं अंतर लागतं. विमानाचं तिकीट बदलता येतं, ते अंतर बदलता येत नाही. आणि तारीख लिहिताना महिना आधी.