सदतीस नंबरवाली आत्या

आइंडहोवन,
4 जुलै 2025

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. आत्याही खुशाल आहे, हे मुद्दाम लिहितो, कारण घरच्या ग्रुपवर तिचा हेल्मेट घातलेला फोटो पाहून नागपूरला धंतोलीत काय वातावरण असेल, याची कल्पना आहे. हेल्मेट मित्राचं होतं. गाडी स्टँडवर होती आणि बंद होती. बाकी खुलासा खाली.

गेल्या शनिवार-रविवारी इथे नेदरलँड्समधल्याच आसेनला मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकलींची शर्यत होती. आमच्या इथल्या पुणेकर मित्रानं चार महिने आधीच तिकिटं काढून ठेवली होती. आत्याला घरी एकटी ठेवायची नाही, म्हणून तिचंही काढलं. "मी काय पाहू तिथं? गाड्याच पाहायच्या तर मेहाडिया चौकात उभी राहीन," असं म्हणत ती निघाली. सोबत छत्री, रेनकोट, स्वेटर, मफलर आणि पोह्यांचं पातेलं. दोन्ही दिवस पावसाचा थेंब नाही.

आसेनला शर्यतीच्या दिवसांत आसपासचे शेतकरी आपली शेतं तंबूंसाठी भाड्यानं देतात. आमचाही तंबू तिथेच. सकाळी शेतांतून माणसांची रीघ सुरू झाली. हातात घडीच्या खुर्च्या, खांद्यावर झेंडे, पोरं कडेवर आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आषाढी तोंडावर आलेली, त्यामुळे आत्याला वारीच आठवली. "फक्त टाळ तेवढे कमी आहेत," म्हणाली. ती कमतरता सायलेन्सरांनी भरून काढली. कानात बोळे घालायला दिले, ते तिनं औषधाच्या गोळ्यांसारखे उलटसुलट करून पाहिले आणि कानाला पदर गुंडाळला.

या भागात पहिली शर्यत 1925 साली झाली, म्हणजे यंदा शंभर वर्षं. तेव्हा खेड्याखेड्यांमधल्या विटांच्या आणि मातीच्या रस्त्यांवरून गाड्या पळायच्या. 1949 मध्ये जागतिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून कोविडचं 2020 साल सोडलं तर आसेन कधी चुकलेलं नाही. पूर्वी शर्यत शनिवारी व्हायची, कारण रविवार चर्चचा. 2016 पासून ती रविवारी होते. यावर आत्याचं मत: "देवालेही सुट्टी देऊन टाकली यांनी."

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला इथूनही ऐकू येतो: ॲव्हरेज किती? तर शर्यत 26 फेऱ्यांची, फेरी साडेचार किलोमीटरची, म्हणजे सगळं मिळून 118 किलोमीटर. टाकीत पेट्रोल जास्तीत जास्त 22 लिटर. टाकी पुरती रिकामी होते असं धरलं, तर लिटरला जेमतेम 5.4 किलोमीटर. तुमच्या सीडी हंड्रेड मोटरसायकलला हे कळू देऊ नका. ताकद अडीचशे हॉर्सपॉवरच्या वर. ब्रेक कार्बनचे, आणि ते तापल्याशिवाय लागतच नाहीत. आत्या म्हणाली, "तुझ्या काकासारखेच."

आमच्या जागा शेवटच्या वळणांपाशी होत्या. 2015 मध्ये शेवटच्या फेरीत रॉसी आणि मार्क मार्केझ हे स्वार इथेच एकमेकांना भिडले आणि रॉसी खडीतून गाडी काढत जिंकला, ही कथा पुणेकर मित्रानं आम्हाला सांगितली. मग शेजाऱ्यांना सांगितली. शेजारी तेव्हा इथेच बसलेले होते, पण त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतली.

शनिवारी छोटी शर्यत झाली. वळणावर गाडी इतकी आडवी होते की स्वाराचा गुडघा डांबराला घासतो, नव्हे, तो मुद्दाम घासवतात, गुडघ्यावर त्यासाठी प्लास्टिकची चकती असते. आत्या पहिल्या फेरीलाच उभी राहिली. "अरे पडते तो! कोणी सांगा ना बाप्पा त्याले!" पुढच्या माणसाला मराठी सोडून सगळं समजलं. तो वळून म्हणाला, "ओके, ओके." पहिल्या नंबरवरून सुटलेला स्वार क्वार्तारारो खरोखरच पडला, तेव्हा आत्यानं आमच्याकडे असं पाहिलं, की जणू तिचं ऐकलं असतं तर वाचला असता.

मग मित्रानं तिला केटीएमच्या नारंगी गाड्या दाखवल्या. कंपनी ऑस्ट्रियाची, पण बुडायला आली तेव्हा आपल्या आकुर्डीच्या बजाजनं पैसे ओतून तिला सावरलं. "म्हणजे आपल्या चेतकवाल्यांची?" झालं. त्या क्षणापासून सदतीस नंबरचा पेद्रो अकोस्टा घरचा झाला. रविवारच्या मोठ्या शर्यतीत त्याचा आणि अलेक्स मार्केझचा धक्का लागला. अलेक्स पडला, हात मोडला. आत्या हळहळली, पण निकाल तिनं लगेच दिला: "आपल्या पोट्ट्याची चूक नव्हती." अलेक्सचा थोरला भाऊ मार्क शुक्रवारी सरावात दोनदा आपटला होता, तोच रविवारी जिंकला. मोठ्या गटातला त्याचा हा 68 वा विजय, म्हणजे जुन्या काळच्या अगोस्तिनीशी बरोबरी. आपला पेद्रो चौथा. आत्या पेढे वाटायला निघाली होती. बक्षीस तिघांनाच असतं, हे तिला मान्य नाही.

सगळी शर्यत चाळीस मिनिटांत आटोपली. खरी गंमत नंतर होती. दिवसभर ताशी तीनशेचा वेग पाहिलेली ती एवढी मोठी गर्दी परत निघाली. चामड्याची जाकिटं, दंडावर गोंदण, बुडाखाली हजार सीसीची गाडी, आणि पुढे सायकलवर एक आजीबाई. एकानंही हॉर्न वाजवला नाही. सगळे तिच्या मागे तिच्याच चालीनं. आत्या बघतच राहिली. शेवटी म्हणाली, "हौस मैदानात फेडून घेतली, की रस्त्यावर माणूस शहाणा होते. आपल्या वर्धा रोडच्या पोट्ट्यांले असं एक मैदान काढून द्या न कोणी." बाबा, मला यात भर घालण्यासारखं काही नाही.

आता पोह्यांचं. रविवारी सकाळी आत्यानं तंबूपुढे तर्री-पोहे केले. वासानं शेजारच्या तंबूतला एक दाढीवाला पैलवान आला. तर्री जपून घ्या, असं मी सांगत होतो, तोवर त्यानं वाटीच तोंडाला लावली. मान, कान, टक्कल, सगळं क्रमाक्रमानं लाल झालं. पाणी प्यायला, डोळे पुसले आणि वाटी पुढे केली. पुढे मात्र घोटाळा झाला. इथं कॉफीचेही पैसे सेंटपर्यंत वाटून घेतात, त्यामुळे त्यानं फोन काढून विचारलं, माझ्या वाट्याचे किती? आत्या अशी भडकली की सांगता सोय नाही. "पाहुण्याकडून पोह्याचे पैसे? नागपूरची आहे मी!" बिचाऱ्यानं घाबरून तिसरी वाटी घेतली. मग उपकार फेडायला त्यानं आपल्या गाडीवर तिला बसवून फोटो काढला. तोच तो फोटो.

आत्या पुढल्या महिन्यात परत येते. तिला स्टेशनवरून सीडी हंड्रेडवर आणणार असाल, तर वळणावर ती गुडघा बाहेर काढेल. रागावू नका, वेग कमी ठेवा.

आईला नमस्कार. पोरं आठवण काढतात.

तुमचा
बाळ

ता. क. आईनं तर्रीचा मसाला पाठवावा. दाढीवाल्याची पुडी वेगळी बांधावी. त्यानं आगाऊ पैसे पाठवलेत, हे आत्याला कळू देऊ नये.