बिनपरीक्षेची चित्रकला

आमच्या लहानपणी चित्रकला दोनच कारणांसाठी असायची: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. स्थिरचित्रात मडकं, कांदा आणि मागे चुण्या पडलेलं कापड. श्रेणी मिळाली, प्रमाणपत्र फायलीला लागलं, रंगपेटी माळ्यावर गेली.

मग तीसेक वर्षांनी माणूस डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनमध्ये राहायला येतो, दिवसभर संगणकापुढे बसतो आणि एका शनिवारी उगाचच ब्रश विकत घेतो. इथे गावाच्या मधोमध एक गोल दगडी मनोरा आहे. सातव्या शतकात संत मोकुआंनी मठ स्थापला, त्या मठाचा. उंची सुमारे 84 फूट, आणि शंकूसारखी दगडी टोपी अजून मूळचीच. बघायला सोपा. काढायला बसलं की कळतं, पायथा फुगीर आहे, वर अंग हळूहळू निमुळतं होतंय आणि आपल्या कागदावर मात्र कुतुबमिनारचा मावसभाऊ उतरलाय. जलरंग वाळेपर्यंत पाऊस येतो. पुढचं काम तोच करतो.

पण मजा अशी, की ‘पुढे स्कोप काय?’ विचारणारे काका आता उरलेले नाहीत. त्या वयाचे काका आता आपणच.

रवींद्रनाथांची चित्रं कवितेतल्या खोडाखोडीतून जन्मली. खोडलेले शब्द रेघांनी जोडता जोडता चेहरे, पक्षी निघाले. 1930 साली पॅरिसला प्रदर्शन भरलं तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. हा दाखला मी घरी वरचेवर देतो. बायको म्हणते, “त्यांना आधी नोबेल मिळालं होतं.”

आयर्लंड कलावंतांच्या बाबतीत मोठा हळवा देश. 1969 पासून लेखक-चित्रकारांना कलेच्या कमाईवर आयकरात सवलत. 2022 मध्ये तर सरकारने प्रायोगिक योजना काढून 2000 कलावंतांना आठवड्याला 325 युरो द्यायला सुरुवात केली. सवलत घ्यायची तर आधी कमाई हवी, एवढीच आमची अडचण. शिवाय फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात ‘चित्रकार’ लिहायला हात धजत नाही.

लेकीचा धजला. ‘बाबा काय करतात’ याखाली तिने नोकरीचा उल्लेखही न करता ‘मनोरा काढतात’ असं लिहून दिलं. आता तिच्या बाई विचारताहेत, वर्गाच्या भिंतीवर काढून द्याल का? मी होकार कळवून बसलोय. पायथा अजून जमत नाही, म्हणून खाली झुडपं काढणार आहे.