काकूंचा मंगळवार

आमच्या काकांची उभी हयात एसटीच्या कंट्रोलरच्या खिडकीत गेली. कुठल्याही दोन गावांमधलं अंतर आणि लागणारा वेळ त्यांना तोंडपाठ. गाडी उशिरा आली तर दोष गाडीचा, वेळापत्रकाचा कधीच नाही. अशा माणसाच्या लेकीनं नोकरीला थेट सॅन फ्रान्सिस्को गाठावं, हा नियतीनं उगवलेला सूड.

लेकीकडे जायचं ठरल्यावर काकांनी पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला. दिल्लीहून निघालेला दोरा पार उत्तर ध्रुवाच्या अंगाला जाऊन पलीकडे उतरला. अंतर सुमारे 12,400 किलोमीटर. "ताशी नऊशेनं पावणेचौदा तास. विषय संपला!"

मी म्हटलं, "काका, विमान दोऱ्यावरून जात नाही, वारा बघून जातं." एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. 2016च्या ऑक्टोबरात त्यांनी ते उलट दिशेनं, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून झालं 15,300 किलोमीटर, पण विमान पोचलं साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर. कारण तिथं वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते. हिवाळ्यात तिचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो आणि विमानाला मागून फुकटचा रेटा मिळतो.

"म्हणजे उतारावर न्यूट्रल!" काका कडाडले. "घाटात असले धंदे करणाऱ्यांना मी मेमो दिलेत."

तिकीट हातात आलं तेव्हा खरा भडका उडाला. सुटणार पहाटे चारला, पोचणार पहाटे पाचला. वारही तोच, तारीखही तीच. हिवाळ्यात दिल्लीचं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतेरा तास पुढे असतं. साडेचौदातून साडेतेरा वजा केले की उरतो एक तास. काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "पंधरा हजार किलोमीटर, एका तासात? अशी नोंद माझ्या डेपोत केली असती, तर संध्याकाळपर्यंत घरी बसला असता!"

परतीचं तिकीट त्याहून भारी. सोमवारी रात्री आठला सुटायचं आणि दिल्लीला उतरायचं बुधवारी पहाटे दीडला. प्रवास सोळा तासांचा, घड्याळात मात्र साडेएकोणतीस. काका बोटं मोडत राहिले. "मंगळवार कुठं गेला? अख्खी ड्यूटी गायब!"

एवढा वेळ शेंगा सोलत बसलेल्या काकूंनी आता मान वर केली. त्यांचा मंगळवारचा उपवास.

"जातानाचं कुठल्या वारचं काढलंय?"

"मंगळवारचं."

"म्हणजे पहाटे मंगळवार, उतरले तरी मंगळवारची पहाट, आणि पुढं आख्खा दिवस परत मंगळवारच?"

हिशेब बरोबर होता. साडेसदतीस तासांचा मंगळवार.

काकूंनी सुपातली टरफलं उडवली. "जातानाचं बुधवारचं करून घ्या. येतानाच्या तिकिटाला मात्र हात लावायचा नाही!"