फुलपात्रातली वर्तुळं

आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला पाण्याच्या आधी डायनासोर मिळतो. पाणी येतं, पण ते प्यायचं नसतं. फुलपात्र टीपॉयवर ठेवायचं, त्याकडे टक लावून बघायचं, आणि डायनासोरचं पाऊल पडल्यावर पाण्यात वर्तुळं उमटली की 'वा!' म्हणायचं. 'वा' आला नाही तर मी आवाज चढवतो. तरीही आला नाही, तर माणूस सज्जन असला तरी कानाने अडाणी आहे अशी मनात नोंद करतो. आजवर व्याही, विमा एजंट, शेगडी दुरुस्त करायला आलेला मुलगा आणि जनगणनेच्या बाई असे अनेक जण या खोलीतून गेले. बाईंनी फक्त 'घरात टीव्ही आहे का?' एवढंच विचारलं होतं. मी पाऊण तास उत्तर दिलं.

हा नाद लागला कसा, ते सांगत बसत नाही. घरात पहिला टेपरेकॉर्डर आला तेव्हा ज्याने तो उघडून पाहिला आणि मार खाल्ला, त्याला ते आपोआप कळेल. मधली काही वर्षं पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत गेली. तिथे मी '१००० वॉट पीएमपीओ' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेला एक डबा घेतला होता. पीएमपीओ म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. वरपक्ष 'मुलाला पगार किती' याचं जे उत्तर देतो, ते पीएमपीओ. हातात किती येतो ते वेगळं. त्या डब्याच्या हातात दहा-बारा वॉट येत असावेत. पण तेव्हा मी चाळभर 'हजार वॉट' सांगत हिंडलो होतो, आणि तो आकडा खरा नव्हता हे चाळीला मी आजतागायत सांगितलेलं नाही.

मग २००१ मध्ये मेहुणीच्या यजमानांनी अमेरिकेतून 'ज्युरासिक पार्क'ची डीव्हीडी आणली. ती आमच्या प्लेअरने घेतली नाही. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका विभाग १, आपण ५, आणि एकाची तबकडी दुसऱ्याकडे चालायची नाही. सोवळ्यातलं ओवळ्यात चालत नाही तसं. तापकीर गल्लीतल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराने रिमोटवर कसलेसे पाच आकडे दाबले आणि दहा सेकंदांत जग एक केलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "काका, एकदा मोठ्या आवाजात दाखवा फक्त." आमच्या मंडळाचा पहिला सभासद तो. दुसरा मी.

मंडळाला नाव नाही. सातजण झालो तेव्हा नाव ठेवायला बैठक घेतली होती. आठ नावं आली, दोघं महिनाभर बोलत नव्हते, म्हणून नावाशिवायच राहिलो. एक दातांचे डॉक्टर, एक बँकेतून व्हीआरएस घेतलेले, दोन सॉफ्टवेअरवाले, एक किराणा दुकानदार, मी आणि तो पोरगा. (आता चाळिशी ओलांडलेला, तरी पोरगाच.) त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, आणि तो आमच्या सगळ्यांपेक्षा कमी बोलतो. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आम्ही तपासलेला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारला, आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली.

सोसायटीत मात्र माझी ख्याती निराळीच झाली. एका श्रावणात चेअरमन घरी आले. सोफ्यावर टेकले, फुलपात्राकडे संशयाने बघितलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे डॉल्बी आहे म्हणे. यंदा मिरवणुकीला भाड्याचा नको. तुमचाच लावू."

इथे मला थोडं थांबावं लागेल. हा विषय निघाला की ही स्वयंपाकघरात जाते आणि मंडळातले लोक चपला शोधतात, पण तुम्ही बसला आहात.

डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी, जन्म १९३३, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. विद्यार्थीदशेतच त्याने पहिल्या व्यवहार्य व्हिडिओ टेपरेकॉर्डरवर काम केलं, मग केंब्रिजला जाऊन डॉक्टरेट मिळवली, आणि १९६३ ते ६५ हा माणूस संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून चक्क भारतात होता. इथून इंग्लंडला परतल्यावर १९६५ मध्ये त्याने लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. कशासाठी? आवाज कमी करण्यासाठी! टेपवर गाण्याच्या मागे जो सूंऽऽ असा एक आवाज सतत चालू असतो, तो त्याला सहन होत नसे. त्याने युक्ती काढली. ध्वनिमुद्रण करताना हळू आवाज जरा उचलून घ्यायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर टेपची सूंही खाली जाते. तुमच्या जुन्या डेकवर 'डॉल्बी' नावाचं एक बटण होतं, आठवतं? ते दाबलं की आवाज बसल्यासारखा वाटायचा, म्हणून आपण ते कधी दाबलं नाही. ते बटण म्हणजे या माणसाचं आयुष्य.

आणि या माणसाचं नाव आपण कशाला दिलं? ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला. आख्ख्या पश्चिम महाराष्ट्रात 'डॉल्बी लावला' म्हणजे खिडक्यांच्या काचा हलल्या. वास्तविक त्या भिंतीत डॉल्बीचं काही असेलच असं नाही. कोल्हापूर, सातारा, सांगलीत डॉल्बीविरुद्ध मोर्चे निघाले, डॉल्बीमुक्त उत्सवाच्या शपथा झाल्या. एखाद्याने आयुष्यभर दारूबंदीचं काम करावं आणि गावाने गुत्त्याला त्याचं नाव द्यावं, तसं झालं. रे डॉल्बी वारला १२ सप्टेंबर २०१३ ला. त्या वर्षी गणपती बसले होते ९ तारखेला. म्हणजे तो तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा श्वास घेत होता तेव्हा इकडे त्याच्या नावाने... जाऊ द्या. चेअरमनना मी हे सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे देणार नाही तर."

या बाबतीत मी विनोद करतो, पण मला खरोखर राग येतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, असा नियम २००० सालापासून कागदावर आहे. माझ्याकडे डेसिबल मोजायचा मीटर आहे. विसर्जनाच्या दिवशी मी तो बाल्कनीत धरला आणि आकडा पाहून आत आलो. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, त्या दहा दिवसांत कानातलं यंत्र काढून कपाटात ठेवायचे. "गणपती येतात आणि मी बहिरा होतो," म्हणायचे. मी तडक सोसायटीला दोन पानी पत्र लिहिलं, कलमांसकट. त्याला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी चार ओळींचं उत्तर दिलं: विसर्जन वर्षातून एकदा असतं, आमच्या मांडणीतल्या कपबश्या मात्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार ते सहा नाचतात, डायनासोर कधी मरणार ते कळवावं.

काकूंच्या पत्रानंतर मी खोली सुधारायला घेतली. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून काही होत नाही. वरचे आवाज थोडे मऊ होतात, पण बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, त्यातून हसत निघून जातो. म्हणून गादीवाल्याला बोलावला. भिंतींची मापं घ्यायला सांगितली तेव्हा त्याने टेप गुंडाळला आणि विचारलं, "साहेब, उभं झोपणारं कोण आहे?" गाद्या लागल्या. काकूंना फरक पडला नाही, आम्हाला पडला. सातही जणांना दुपारी झोप येऊ लागली.

मग खरा प्रश्न उभा राहिला तो सबवूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या डब्याच्या जागेचा. बारा फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून बसतो. भिंतीशी तो घुमतो आणि बरोबर मधे बसलेल्याला ऐकूच येत नाही. आमचा सोफा बरोबर मधे. म्हणजे डायनासोर शेजारच्यांना ऐकू येत होता आणि मालकाला नाही. यावर जगभरचे शौकीन एक उपाय करतात. आपण बसतो तिथे सब ठेवायचा आणि आपण रांगायचं. रांगता रांगता जिथे बास नीट ऐकू येईल, तिथे मग सब न्यायचा. आवाजाला जाणं-येणं सारखंच असतं. त्याप्रमाणे एका रविवारी सोफ्यावर सबवूफर विराजमान झाला आणि पन्नाशीच्या आसपासचे सहा गृहस्थ आणि तो पोरगा जमिनीला कान लावून खोलीभर रांगू लागले. तेवढ्यात ही चहा घेऊन आली. तिने ट्रे खाली, आमच्या उंचीवर ठेवला आणि दार लावून घेतलं.

बास सगळ्यात छान लागला तो खिडकीजवळच्या कोपऱ्यात. तिथे नानांची वेताची खुर्ची होती.

कुणी काही बोललं नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नानांकडे पाहिलं. नाना उठले, काठी घेतली आणि खुर्ची सरकवायला स्वतःच वाकले. पोरगा पुढे झाला, म्हणाला, "आजोबा, राहू द्या, दुसरीकडे बघू." मी म्हणालो, "अरे, दोन फुटांचा तर प्रश्न आहे." खुर्ची दाराशी गेली. त्या रविवारी वर्तुळं इतकी सुरेख उमटली की आम्ही टाळ्या वाजवल्या.

नाना पोस्टात सॉर्टर होते, सदतीस वर्षं. दर पहिल्या रविवारी न चुकता आमच्यात येऊन बसायचे. आम्ही काय बघायचो? तेच. वर्तुळं, कुंपण तुटतं, मोटारीत दोन पोरं किंचाळतात, मोटार उलटते, वकील गिळला जातो, की मी स्टॉप दाबतो आणि चर्चा सुरू. वायर बदलावी का? सेंटर स्पीकर दोन इंच उचलावा का? वीस वर्षांत आम्ही शेकडो सिनेमे घेतले आणि एकही पूर्ण पाहिला नाही. प्रत्येकातली सात-आठ मिनिटं आम्हाला तोंडपाठ. आणि चर्चा ऐन रंगात आली की दाराजवळून नानांचा प्रश्न यायचा, "अरे, त्या पोरांचं काय झालं पुढे? पोचली का घरी?"

मी म्हणायचो, "नाना, पुढे विशेष बास नाही."

हे उत्तर मी किती वेळा दिलं असेल याचा हिशेब नको. पुढच्या महिन्यात ते पुन्हा विचारायचे. मला वाटायचं, विसरतात.

मधे दोन मानहानी झाल्या, त्या पटकन सांगून टाकतो. एक म्हणजे कानाच्या डॉक्टरांनी माझा आलेख काढला आणि वरच्या पट्टीतलं मला जवळजवळ काही ऐकू येत नाही असं निघालं. ज्या ट्वीटरच्या 'चांदीसारख्या झळाळी'बद्दल मी दोन तास वाद घालायचो, ती झळाळी कित्येक वर्षं मी पावतीवर वाचत होतो. दुसरी मानहानी त्या पोराने केली. एकदा सहज म्हणाला, "काका, सिनेमातली ती वर्तुळं आवाजाची नाहीतच. गाडीच्या खालून गिटारची तार नेली होती. ती छेडली की पाण्यात गोल उमटायचे." म्हणजे पायाखालची जमीन हादरवायला मी जे लाखभर रुपये घातले, ते काम तिकडे एका तारेत झालं होतं. मी विचारलं, "तुला कधी कळलं?" म्हणाला, "झाली सात-आठ वर्षं. तुम्ही खुशीत होता."

नाना चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये गेले. पुढचे काही रविवार मंडळ भरलं नाही. मग भरलं. वकील गिळला गेला, मी स्टॉप दाबला आणि सातजणांपैकी कुणी वायरीचा विषय काढला नाही. दाराकडून काही येतंय का, असे सगळे बसून राहिले.

रात्री हिला म्हटलं, "नाना सारखे विचारायचे त्या पोरांचं."

"मी सांगितलं होतं त्यांना," ही म्हणाली. "पोचली म्हणून."

"तू पाहिलायस सिनेमा?"

"मी कशाला बघू? पण लहान मुलांना कोण मारतंय सिनेमात!"

"मग परत परत का विचारायचे?"

"तुला विचारायचे," ती म्हणाली आणि दिवा घालवला.

मी उठून खोलीत गेलो. काकूंच्या कपबश्यांची आठवण ठेवून सब बंद केला आणि स्टॉप न दाबता सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. पोचतात. हेलिकॉप्टरमध्ये दोन्ही पोरं सिनेमातल्या डॉक्टरच्या दोन खांद्यांवर डोकी टेकून झोपलेली असतात. समोर त्यांचे आजोबा बसलेले, हातात काठी. बाहेर पेलिकन उडत असतात. त्या सबंध दृश्यात सबवूफरला करण्यासारखं खरंच काही नाही. एवढं मी बरोबर सांगत होतो.

आता सब दाराशी आहे आणि वेताची खुर्ची खिडकीजवळच्या कोपऱ्यात. सोफ्यावर बास पूर्वीसारखा येत नाही. डॉक्टर कुरकुरतात, पोरगा काही बोलत नाही. पहिल्या रविवारी, चार वाजता. सिनेमा पूर्ण बघतो, तेव्हा सातपर्यंत निघता येणार नाही हे घरी सांगून या. पाणी प्यायला मिळेल. बसायला दुसरी जागा उरली नसेल तर कोपऱ्यातली खुर्ची घ्या, संकोच नको. बास तिथे सगळ्यात चांगला लागतो.