676 मिलिमीटरची स्टोरी

‘अमुक म्हणून मला तमुक हवं, म्हणजे ढमुक होईल.’ हा नवस नाही, यूजर स्टोरी आहे. सॉफ्टवेअर कंपनीत कार्डावर एवढं लिहिलं की कामाला लागता येतं. ‘प्रवासी म्हणून मला तिकीट रद्द करता यायला हवं, म्हणजे पैसे परत मिळतील.’ झकास! कोणाला, काय, कशासाठी हे कळलं, की ते कार्ड उचलणारी पोरगी पंधरा दिवसांत काम हातावेगळं करते. इथवर माझी काही तक्रार नाही. हल्ली याच कार्डांवर पाच-पाच वर्षांची धोरणं लिहिली जातात, तक्रार त्याबद्दल आहे.

चेन्नईत एग्मोर स्टेशनासमोर गांधी-आयर्विन रस्त्यावर हॉटेलं आहेत. त्यांतल्या एकाच्या सभागृहात एका कंपनीचं धोरण-शिबिर बघायला मिळालं. भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या. ‘सीईओ म्हणून मला बाजारात पहिला नंबर हवा, म्हणजे’ आणि पुढे नुसती टिंबं. तिच्याखाली ‘डेटाबेस म्हणून मला वेग हवा’. फिल्टर कॉफी येईपर्यंत एका सर्व्हरनेही मन मोकळं केलं होतं. खरा प्रश्न एका आर्किटेक्ट बाईंनी विचारला. कंपनीने विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीची यंत्रणा वेगळी ठेवायची की दोन्ही एक करायच्या? त्याचीही चिठ्ठी झाली, ‘आर्किटेक्ट म्हणून मला निर्णय हवा’. तिला कामाच्या अंदाजाचे 13 पॉइंट मिळाले आणि ती बॅकलॉगमध्ये गेली. मंत्रालयात ज्याला ‘विचाराधीन’ म्हणतात, त्याला सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॉग म्हणतात.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर समोरच्या लाल इमारतीला चांगलं ठाऊक आहे.

एग्मोर स्टेशन 1908 साली उघडलं. हेन्री आयर्विनचा आराखडा, घुमट, कमानी, सगळा थाट. यूजर स्टोरी म्हणून पाहाल तर नमुनेदार काम. ‘साहेब म्हणून मला मोटारीतून उतरून थेट डब्यात शिरायचं आहे’, तर मोटार फलाटाला लागेल असा रस्ताच स्टेशनात घेतलेला. पुढे 1914 मध्ये पांबनचा पूल झाला आणि इथून धनुष्कोडीला, तिथून बोटीने सिलोनला जाता येऊ लागलं. एका तिकिटावर एग्मोर ते कोलंबो! ग्राहक खूश.

आता आपल्याकडचा काशी-रामेश्वराचा यात्रेकरू घ्या, किंवा माहेरी निघालेली तंजावरकडची मराठी लेक. मुंबईची गाडी त्यांना सोडायची मद्रास सेंट्रलला. तिथून ट्रंका, वळकट्या, गंगेचा गडू असं सगळं जटक्यात, म्हणजे तिथल्या घोडागाडीत, चढवून एग्मोर गाठायचं. अंतर दोनेक किलोमीटर. समुद्र ओलांडायला एक तिकीट पुरत होतं, हे अंतर ओलांडायला घोडा लागत होता. कारण सेंट्रलच्या दोन रुळांत अंतर 1,676 मिलिमीटरचं, म्हणजे ब्रॉड गेज, आणि एग्मोरच्या रुळांत 1,000 मिलिमीटरचं, म्हणजे मीटर गेज. मधले 676 मिलिमीटर कुठल्याच कार्डावर नव्हते.

ते आले कुठून? लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, 1870 च्या सुमारास, पैसे वाचवायला अरुंद रूळ टाकायचं ठरलं. नेमका एकच मीटर का, तर देशात लवकरच मेट्रिक मापं आणायचा बेत होता. मापं काही तेव्हा आली नाहीत, त्यांचा कायदा व्हायला 1956 उजाडलं. रूळ मात्र पडले. (रोडमॅप या प्रकाराची आपल्याकडची परंपरा जुनी आहे.) त्याहून गंमत नागपट्टणम ते तिरुचिरापल्ली मार्गाची. तो 1860 च्या दशकात आधी ब्रॉड गेजच होता. 1875 मध्ये तो उखडून मीटर गेज केला. मग 1992 मध्ये सगळा देश एका गेजवर आणायची मोहीम निघाली आणि तोच मार्ग पुन्हा उखडून ब्रॉड गेज झाला. एग्मोरमधून मीटर गेजच्या लोकल तर 2004 च्या जुलैपर्यंत धावत होत्या. या सव्वाशे-दीडशे वर्षांत फलाट लांबले, दिवे आले, पंखे आले, संगणकावर आरक्षण आलं. स्टोरीमागून स्टोरी पूर्ण होत गेली.

यावर कार्डवाले म्हणतील, गेजचंही कार्ड लिहिता आलं असतं. नसतं आलं, आणि ते त्यांच्याच शास्त्राप्रमाणे. बिल वेक यांनी 2003 मध्ये चांगल्या स्टोरीच्या सहा कसोट्या सांगितल्या. स्टोरी इतर स्टोऱ्यांवर अवलंबून नसावी, लहान असावी, तिला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधता यावा, या त्यांतल्या तीन. गेज या तिन्हींत नापास होतं, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं असतं. धोरण म्हणजे हेच तर असतं. एक ठरलं की शंभर गोष्टी आपोआप ठरतात आणि दोनशे गोष्टींना ‘नाही’ म्हणावं लागतं. ‘ग्राहक म्हणून मला वाटतं, तुम्ही हे करूच नये’ असं कार्ड आजवर कुणी भिंतीवर लावलंय?

यूजर स्टोरीच्या माहेरची कथाही ऐकण्यासारखी आहे. क्रायस्लर या मोटार कंपनीची पगाराची यंत्रणा नव्याने बांधायला 1996 मध्ये सॉफ्टवेअरवाल्या केंट बेक यांना बोलावलं. गोष्टींची कार्डं लिहून काम करायची रीत तिथे घडली. 1997 मध्ये सुमारे दहा हजार लोकांचे पगार त्या यंत्रणेतून होऊ लागले. उद्दिष्ट होतं 87,000 जणांचं. 1998 मध्ये जर्मनीच्या डाइम्लरने क्रायस्लर घेतली आणि 2000 च्या फेब्रुवारीत तो प्रकल्प बंद झाला. पुढल्याच वर्षी अमेरिकेत यूटामध्ये सतरा जणांनी ‘अजाइल’ या कार्यपद्धतीचा जाहीरनामा काढला, त्यांत बेकही होते. आपली कंपनीच विकली जाणार आहे, हे कुठल्या यूजरच्या तोंडी घालायचं, हे कुठल्याही जाहीरनाम्यात नाही.

जेफ पॅटन यांनी कार्डांचा नकाशा मांडायची युक्ती काढली, ती चांगली आहे. ग्राहकाचा सगळा प्रवास आडवा मांडला की कुठे भोक आहे ते दिसतं. पण तिच्यातही प्रवास ग्राहकाचाच. सेंट्रल ते एग्मोर जटक्याची सोय आणखी सुखाची कशी करावी, हे तो नकाशा फार सुंदर सांगेल.

शेवटी रेल्वेतली सर्वांत गाजलेली यूजर स्टोरी. एग्मोर स्टेशन उघडल्याच्या दुसऱ्या वर्षी, 1909 मध्ये, ओखिलचंद्र सेन या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला पत्र लिहिलं. फणस खाऊन पोट फुगलेलं, अहमदपूर स्टेशनात ते आडोशाला गेले, तेवढ्यात गार्डाने शिटी फुंकली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर सावरत धावताना ते पडले आणि फलाटावरच्या बायाबापड्यांपुढे शोभा झाली. वर ‘गार्डाला दंड करा, नाहीतर पेपरात देतो’ असा दम. कोण, काय, कशासाठी, सगळं आलं. या पत्रामुळे साध्या डब्यांत शौचकूप आले असं म्हणतात. सहाही कसोट्यांवर उतरणारी स्टोरी!

फक्त शौचकुपाखाली भोक होतं आणि भोकाखाली रूळ. तिथे पडलेलं सडत राहिलं, रूळ गंजत राहिले आणि स्टेशनांतला मैला माणसं हाताने, झाडूने काढत राहिली. त्या माणसांना कुणी यूजर म्हटलं नाही, कारण ती तिकीट काढत नव्हती. हाताने मैला उचलण्याविरुद्धचा नवा कायदा 2013 मध्ये झाला आणि डब्यांखाली जैव-शौचालयाच्या टाक्या बसवायचा धडाका गेल्या दशकात लागला. सेनबाबूंच्या कार्डावर मात्र ‘पूर्ण’ हा शिक्का शंभर वर्षांपूर्वीच पडला होता.