दोन गुंठे बागायत

पुण्याच्या मांजरीत हल्ली एक खास जातीचा माणूस आढळतो. वडिलोपार्जित उसाचं रान बिल्डरला दिलेलं, त्याच रानावर उभ्या राहिलेल्या इमारतीत बदल्यात फ्लॅट मिळालेले, आणि हात मात्र मातीसाठी शिवशिवणारे. आमच्या सोसायटीत हे पद आबांकडे आहे. राहतात चौथ्या मजल्यावर, पण पत्ता सांगताना अजून ‘विहिरीपाशी’ म्हणतात. विहीर बुजवून तिथे क्लबहाऊस झालं त्याला बरीच वर्षं लोटली. टेबल-टेनिस खेळणाऱ्या पोरांना आबा अधूनमधून, त्यांच्या पायाखाली किती परस पाणी होतं ते सांगून येतात. पोरं खेळत राहतात.

पंपहाऊसमागे दोन गुंठ्यांची पट्टी आहे. नकाशात ती ‘लँडस्केप’ होती, आबांनी तिची बागायत केली. सातबारा नाही एवढंच.

बाग शोभेसाठी असते हे आबांना मुळातच मान्य नाही. कुठलंही झाड दिसलं की पहिला प्रश्न, “ह्याचं देणं काय?” कंत्राटदारानं गेटपाशी लावलेल्या कातरलेल्या झुडपांवर त्यांचा विशेष राग. “फूल न्हाय, फळ न्हाय, शेळीसुदिक तोंड लावंना. मग पाणी कशापायी पितंय?” रस्त्याकडेच्या सप्तपर्णीबाबतही तेच. आश्विन लागला की ही झाडं फुलतात, आणि संध्याकाळी सोसायटीत दोन पक्ष पडतात. निम्मे लोक गच्चीत येऊन दीर्घ श्वास घेतात, निम्मे डोकं धरून खिडक्या लावतात. मी एकदा आबांना सांगितलं की या लाकडाच्या पूर्वी शाळेतल्या पाट्या करायचे. आबांनी झाडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “म्हंजे शाळा सुटली, पर मास्तर काय घरी जाईना.”

भाद्रपदाची अखेर आणि आश्विनाची सुरुवात हा आबांचा खरा हंगाम. सोसायटी तेव्हा ‘ऑक्टोबर हीट’बद्दल कुरकुरत असते, आबा नक्षत्रं मोजत असतात. उत्तरा कोरडी गेली, हस्ताचा हत्ती गरजला, आता चित्रा काय करते बघू. मोबाईलमधल्या हवामानाच्या अंदाजाला ते ‘पोरगं’ म्हणतात. पोरगं सांगतंय आज उघडीप आहे, असं म्हणत छत्री घेऊन निघतात.

या दिवसांत पट्टीच्या कडेनं काँग्रेस गवत कमरेएवढं झालेलं असतं. या गवताची भारतातली पहिली नोंद पुण्यातलीच, १९५५ सालची. आबांचा जन्मही त्याच सुमाराचा. दोघांपैकी कुणीच इथून हलायला तयार नाही. आबा रोज सकाळी मूठभर उपटतात, गवत रोज सकाळी हजर.

पितृपंधरवड्यात गच्चीवर पत्रावळी मांडल्या जातात आणि एरवी हुसकावले जाणारे कावळे एकदम मानकरी होतात. इमारती वाढल्या तशा पत्रावळी वाढल्या, कावळे काही त्या प्रमाणात वाढले नाहीत. परिणामी आमचा कावळा निवडून खातो. वडे आधी, भात जमलं तर. खालून आबा ओरडतात, “त्याला काय पिंड शिवायचं सांगताय, त्याचं प्वाट बिघडलंय!”

कावळ्यानंतर मान भारद्वाजाचा. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा हा पक्षी सकाळी दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात, त्यामुळे ज्यांच्या मुलांची लग्नं रखडलीत अशी मंडळी चहाचा कप घेऊन पंपहाऊसमागे घुटमळू लागली. आबांनी त्यांना जमीन दाखवली. भारद्वाजापुढे आफ्रिकन गोगलगाय पडली होती आणि तो तिच्या शंखात चोच घालून उपसत होता. “त्यो न्याहारीला आलाय, सूनबाई. तुमच्या पोराची कुंडली बघायला न्हाय.” तेव्हापासून आबांचं आणि भारद्वाजाचं वाटून घेतलेलं आहे. रात्री आबा गुळाच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट वाफ्यात पसरतात, पहाटेपर्यंत त्याखाली गोगलगाई गोळा होतात. त्या आबा मिठाच्या पाण्यात टाकतात. गोणपाट चुकवून गेलेल्या भारद्वाजाच्या.

थंडीच्या आधी धोबी पक्षी येतो. थेट हिमालयाकडून येऊन आमच्या लॉनवर उतरतो आणि चालता चालता सारखी शेपटी वरखाली करतो. “इलेक्शनला हुबं राहिल्यावाणी करतोय,” आबा म्हणाले. “घरोघर वाकतंय, आन् मार्चात गायब.”

कढीपत्त्यापाशी मात्र आबांनी मला मुद्दाम बोलावून नेलं. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी होतं. काळपट, मध्ये पांढरा डाग, ओलसर चकाकी. “काडी लावा,” म्हणाले. मी काडी लावली तशी शीट दचकली, मान वर केली आणि डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढली. त्याबरोबर एक आंबूस, नाकात बसणारा वास. ही लिंबावर येणाऱ्या फुलपाखराची अळी. लहान असताना शिटेचं सोंग घेते, म्हणजे पक्षी तोंड लावत नाहीत. मोठी झाली की हिरवी होऊन पानात लपते. आबांनी तिला उचललं नाही. “चार पानं खाईल. एवढी अक्कल लावून जगतंय त्याला चार पानं द्यायची.” ‘देणं काय’ हा प्रश्न इथे ते कसा काय विसरले, हे विचारायचं मी टाळलं.

सोसायटीत खरं रण पेटलं ते द्राक्षाच्या वेलावरून. बसायच्या जागेवरच्या मांडवावर आबांनी एक वेल चढवला होता. गर्द सावली, खाली बाकडी, ज्येष्ठ नागरिकांची सकाळची बैठक. ऑक्टोबरात एका सकाळी बैठक आली तो मांडवावर नुसत्या काड्या. आबा शिडीवर उभं राहून ब्रशनं एकेका डोळ्याला पेस्ट लावत होते. ग्रुपवर फोटो पडले, ‘वृक्षहत्या’ हा शब्द आला, कुणी महापालिकेच्या उद्यान विभागाचा नंबर शोधला. गाव २०२१ साली महापालिकेत गेल्यापासून धमक्यांची ही नवी सोय झाली आहे.

आबांनी शिडीवरूनच व्याख्यान दिलं. थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे झोपत नाही, म्हणून वर्षात दोनदा कापावा लागतो. एप्रिलात खरड छाटणी, ती काडी तयार व्हायला. आत्ता फळछाटणी, ती घडासाठी. आठ-दहा दिवसांत डोळे फुटतील. “आन् पटत न्हाय तर जावा विचारायला. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथंच मांजरीत हाय, १९९७ पासनं. तुमच्या आधी आलंय त्ये.”

डोळे खरंच फुटले. कोवळी पोपटी फूट पाहून बैठक परत आली, फोटो पुन्हा पडले, आता खाली बदाम. आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस कोसळला. सगळे गारव्यानं खूश. आबा तेवढे पंप पाठीला लावून अंधारात मांडवाखाली, कारण कोवळ्या पानावर पाणी थांबलं की डावण्या रोग येतो, आणि डावण्या बैठकीला विचारून येत नाही.

पण आबांचा जीव खरा अडकलाय वांग्यात. मांजरी गोटा ही गावाच्या नावाची जात, बुटकं पसरट झाड, अंगाला काटे, गोल जांभळट फळावर पांढरे पट्टे. सकाळी ते एकेका झाडाचे शेंडे तपासतात. एखाद्या शेंड्यानं मान टाकली असेल तर तो दोन बोटं खालून खुडतात, उभा चिरतात, आणि आतली गुलाबी अळी नखावर घेऊन मला दाखवतात. “हिला चातुर्मास न्हाय,” हे त्यावर ठरलेलं वाक्य. ते मला उद्देशून नसतं, सेक्रेटरींना असतं. त्यांच्या घरी आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं वर्ज्य.

मात्र हक्क वर्ज्य नाही. सामाईक जागेतलं उत्पन्न सभासदांत मोफत वाटावं, असं त्यांनी आबांना लेखी कळवलं. आबांनीही लेखी उत्तर दिलं. शेणखत, गोणपाट, गूळ, कामगंध सापळा, त्यातलं आमिष, आणि ‘एक माणूस, पहाटे पाचपासून’ असा खर्च फ्लॅटवार विभागून, मेंटेनन्सच्या बिलासारखा, थकबाकीवरच्या व्याजाच्या ओळीसकट. विषय तिथेच मिटला. आता आबा सकाळी मांजरीच्या उपबाजारातला भाव फोनवरून विचारतात आणि त्याच भावानं पंपहाऊसच्या कट्ट्यावर विकतात. ओळखीच्यांना सूट नाही, कोथिंबिरीची काडी फुकट.

परवा सेक्रेटरी स्वतः कट्ट्यावर आले. वांगी हातात घेतली, देठ पाहिले, वजन अजमावलं. म्हणाले, “आबा, दोन किलो बाजूला ठेवा. आमची चंपाषष्ठी झाली की नेतो.”

“ठेवतो की,” आबा म्हणाले. “मी थांबतो, तुम्ही थांबा. ह्ये चार-पाच दिसांच्या वर थांबायचं न्हाय. त्याचं त्याच्याशी बोलून घ्या.”